कामाची वेळ आणि घराची वेळ



शेताला बांध असतो. बांध नसला तर एका पावसांतच माती वाहून जाते, आणि शेजाऱ्याशीं तंटा होतो तो निराळाच. दिवसालाहि असाच बांध लागतो. कोणता भाग कामाचा व कोणता घराचा हें ज्यानें ठरविलें नाहीं, त्याचा सारा दिवस काम खाऊन टाकतें. आणि घरचीं मुलें "उद्यां, उद्यां" एवढेंच ऐकून निजतात. ह्या पाठांत तीन गोष्टींचा विचार करूं: हा बांध पूर्वीं कोणी घातला, तो आज कोणास मिळालेला नाहीं, आणि आपण तो कसा राखावा.

१. बांध कोणी घातला?

रविवार म्हणजे सुटी, असें आपण सहज म्हणतों. परंतु मुंबईच्या गिरणी-कामगारांस ती सहज मिळालेली नाहीं. त्या काळीं गिरणीचें काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्यांत दिवस मोठा झाला कीं कामहि तेवढेंच वाढे. १८८१ च्या कारखाना कायद्यानें मुलांच्या कामाचे तास आंखून दिले, पण प्रौढांच्या तासांस मर्यादा घातली नाहीं. तेव्हां जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे पुढें आले. १८८४ च्या सप्टेंबरांत कामगारांच्या सभा भरल्या, आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांतील मागण्या पाहा: रविवारीं पूर्ण सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहा वाजल्यापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत. ह्यांत चैनीची एकहि गोष्ट नाहीं.

तरीहि सहा वर्षें वाट पाहावी लागली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मी येथें सुमारें १०,००० कामगारांची सभा भरली व तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. पुढील वर्षींच्या कायद्यांत ती सुटी व दुपारचा विसांवा हीं दोन्ही आलीं. १९१९ मध्यें वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें कारखान्यांसाठीं दिवसास ८ व आठवड्यास ४८ तासांचा नियम ठरविला. आणि आपल्या देशांत १९४८ च्या कारखाना कायद्यानें आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. ह्यावरून एवढें शिकावें कीं, हा बांध एकट्यानें घातलेला नाहीं. पुष्कळांनीं मिळून मागितला, म्हणून तो पडला.

२. बांध कोणास मिळाला नाहीं?

कारखान्याच्या भिंतीबाहेर मात्र पुष्कळांस तो अजून नाहीं. ऊसतोडीचेंच उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें उसाच्या फडावर जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, म्हणून दिवस आपला राहत नाहीं. बाईनें पहाटे उठून कोपीपुढें चूल पेटवावी, दिवसभर मोळ्या बांधाव्या, आणि गाडी अपरात्रीं आली तर अपरात्रीं उठून ती भरावी. मुलांची शाळा बुडते. अशांस "घराकडे लक्ष द्या" असा उपदेश करणें म्हणजे तहानलेल्यास रिकामी घागर दाखविणें होय. त्यांस योग्य मजुरी, मुलांसाठीं शाळा व रात्रीचा विसांवा मिळवून देण्यास हातभार लावणें हाच खरा उपदेश.

दुसरे कांहीं असे आहेत कीं, त्यांचें काम खिशांतील मोबाइलमधून घरांत शिरतें. शाळेचे शिक्षक, आरोग्यसेविका, कचेरींतले कारकून, ह्यांस जेवणाच्या ताटावरहि निरोप येतात. फ्रान्समध्यें २०१७ पासून व ऑस्ट्रेलियांत २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर असे निरोप न घेण्याच्या हक्कास कायद्याचा आधार मिळाला आहे. आपल्या लोकसभेंतहि बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ मध्यें असें विधेयक मांडलें होतें, परंतु त्याचा कायदा झाला नाहीं.

ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम करणारांस, ३५ ते ४० तास काम करणारांपेक्षां, मेंदूच्या झटक्याचा धोका सुमारें ३५ टक्के व हृदयविकारानें मरण्याचा धोका सुमारें १७ टक्के अधिक असतो. जो आपल्या मुलांसाठींच रात्रंदिवस राबतो, तो अशानें त्यांस पोरकें करण्याचा संभव आहे.

३. आपण काय करावें?

पहिलें, आपल्या हाताखालच्या माणसापासून आरंभ करावा. विसांव्याच्या आज्ञेंत घरधन्याबरोबर दास, दासी, गुरें व परकी ह्यांचींहि नांवें घेतलीं आहेत, हें विसरूं नये. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. मग गड्याला व मोलकरणीला बैलाहून कमी लेखावें काय?

दुसरें, घरांतील स्त्रीचें काम हें कामच होय. सुटीच्या दिवशीं पुरुष पारावर बसला आणि पाहुण्यांसाठीं बाईला दुप्पट भाकऱ्या थापाव्या लागल्या, तर त्या घरीं सुटी अर्धीच आली. त्या दिवशीं पाणी कोणीं भरावें, भांडीं कोणीं घासावीं, हें आदल्या रात्रींच वांटून घ्यावें.

तिसरें, निकड आणि संवय ह्यांतील भेद ओळखावा. सर्पदंश, बाळंतपण, आग, मरण, अशा हांकेस मध्यरात्रींहि धांवून जावें. पण दाखल्यावरची सही किंवा वर्गणीचा हिशोब ह्यांस सकाळपर्यंत थांबतां येतें. उपदेशकांनीं व शिक्षकांनीं आपली भेटण्याची वेळ मंडळीस स्पष्ट सांगावी. न सांगतां मनांत कुढणें हा लोकांवर अन्याय आहे, कारण त्यांस ती ठाऊक नसते. दिवेलागणीनंतर मोबाइल फळीवर ठेवावा. निकडीसाठीं त्याची घंटा मात्र चालूं असूं द्यावी.

चौथें, बांधाला दोन बाजू असतात. घराची वेळ राखूं इच्छिणाऱ्यानें कामाची वेळहि प्रामाणिकपणें राखावी. उशिरा येणें व वर्गांत बसून घरचीं कामें उरकणें, हाहि बांध कोरणेंच होय.

बांध एकदां घातला म्हणजे झालें असें नाहीं. दर पावसाळ्यांत तो कोठें तरी फुटतो, आणि शेतकरी न रागावतां पुन्हां माती घालतो. आपणहि तसेंच करावें.

विचारासाठीं प्रश्न

(१) गेल्या आठवड्यांत घरीं सर्वांनीं एकत्र जेवण किती वेळां केलें?
(२) आपल्या घरांत सर्वांत शेवटीं कोण निजतें, व कां?
(३) आपल्या गांवांत ज्यांस विसांव्याचा दिवसच नाहीं असे कोण आहेत? त्यांच्यासाठीं मंडळीनें मिळून काय करावें?