तीच कविता, पुन्हा एकदा

१. आधी कुठे आलं होतं ते सांगायचं.
कवितासंग्रहात 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून नियतकालिकांची नावं दिलेली असतात, ती रीत जुनीच आहे. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आधी 'करमणूक'मधून क्रमशः आली, मग पुस्तक झालं. पुन्हा छापण्यात कमीपणा नाही. जुनं लेखन नवं म्हणून खपवण्यात आहे. समाजमाध्यमांवर जुनं काही देताना मी खाली एक ओळ टाकते : 'अमुक दिवाळी अंकात पूर्वप्रसिद्ध'. वाचणारे त्यामुळे कमी होत नाहीत.

२. आपले वाचक सगळीकडे तेच असतात.
फेसबुकवर जी मावसबहीण आहे, तीच इन्स्टाग्रामवर आणि तीच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एकाच दुपारी एकच कथा पाच ठिकाणी टाकली, तर तिला ती पाचदा दिसते आणि पाचदा 'छान' म्हणावं लागतं. मधे आठवडाभर जाऊ द्यावा. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरच्या निरोपाखाली गझल टाकूच नये. आणि ज्या साहित्यिक गटात आपण इतरांचं एक अक्षर वाचत नाही, तिथे फक्त स्वतःचं आणून टाकणं म्हणजे निव्वळ जाहिरात.

३. जागा बदलली की रूप बदलावं.
इन्स्टाग्रामच्या मजकुराला २२०० अक्षरांची मर्यादा आहे. तिथे कथा कोंबण्यापेक्षा गझलेचे दोन शेर द्यावेत किंवा स्वतःच्या आवाजात वाचून दाखवावं. फोटोवर अक्षरं छापायची तर मोठी. बारीक जोडाक्षरं मोबाइलवर कुणाला लागत नाहीत. स्टेटस चोवीस तासांत जातं, तिथे मात्र हवं तितकं पुनःपुन्हा टाका.

४. नाव मजकुरातच हवं.
वेगळ्या मेसेजात लिहिलेलं नाव दुसऱ्याच फॉरवर्डला गळतं. मग कुणीतरी खाली पु. ल. किंवा व. पु. जोडतं. नाव शेवटच्या ओळीला लागूनच असावं. तरी ते खोडणारे खोडतातच, त्याला इलाज नाही. आपलीच कविता निनावी होऊन आपल्याकडे आली, तर भांडू नये. मूळ पोस्टचा दुवा पाठवून 'ही माझी' एवढंच म्हणावं.

५. जुनी पोस्ट उडवून तीच नव्याने टाकायची नाही.
लाइक कमी पडले म्हणून हे करणारे भरपूर आहेत. त्या पोस्टखाली लोकांनी वेळ काढून लिहिलेलं असतं, तेही आपण पुसतो.

६. संपादकाला अंधारात ठेवायचं नाही.
हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेक दिवाळी अंक अप्रकाशित साहित्य मागतात, आणि फेसबुकवर टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशितच असते. 'माझ्या भिंतीवर तर होती' हा युक्तिवाद चालत नाही. वाचक त्याच भिंतीवरचे असतात. एकच कथा दोन अंकांना पाठवणं तर फारच वाईट. दोन्हीकडे छापून आली की दोन्ही संपादक दुरावतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

उलट बाजूही सांगायला हवी. अंकात छापून आली म्हणून कथा कायमची त्यांची होत नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखी करार केल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाही. (वृत्तपत्रात नोकरीला असाल तर नियम वेगळा.) तरीही अंक विक्रीला असताना संपूर्ण कथा फुकट वाटणं बरं दिसत नाही. त्या काळात मुखपृष्ठाचा फोटो, पहिला परिच्छेद आणि अंक कुठे मिळेल ते द्यावं; कथा पुढच्या वर्षी द्यावी. पाठवतानाच 'नंतर समाजमाध्यमांवर टाकली तर चालेल ना?' असं विचारलं, तर संपादक सहसा नाही म्हणत नाहीत.

तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकासाठी एखादी कथा मनात असेल, तर ती आज रात्री फेसबुकवर टाकू नका.