मोठी बोट बरी की लहान?

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात आम्ही मुंबई-गोवा क्रूझ केली. मजा आली, पण परतीच्या रात्री मला बोट लागली. धाकटे भाऊजी म्हणतात, पुढच्या वेळी सिंगापूरहून सुटणारी तिप्पट मोठी बोट घेऊ, ती हलतच नाही. ठाण्याच्या नणंदबाई म्हणतात, जेवढी मोठी बोट तेवढी गर्दी. दोघंही ठाम आहेत. नवी कंपनी, नवी बोट निवडताना तुलना करायची तरी कशी?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच वाद मिटत नसणार. बोटीचा आकार, तिच्यावरची गर्दी आणि तिचं हलणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी. त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो. एकेक सोडवू.

आधी आकार. जाहिरातीत ‘दीड लाख टनांची बोट’ असं वाचलं की आपल्याला वजन वाटतं. ते वजन नसतं. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप. जुन्या हिशेबात १०० घनफूट जागा म्हणजे एक टन. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानं सूत्र बदललं, तरी मोजतात ती जागाच. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ४८,५६३ टनांची आहे आणि टायटॅनिक होती सुमारे ४६,३२८ टनांची. मोजण्याच्या पद्धतीतला थोडा फरक सोडला, तर आपल्याकडची ‘लहान’ बोट आतून टायटॅनिकएवढीच भरते. (नावानं दचकू नका, तुलना जागेपुरतीच आहे.) लांबीत मात्र टायटॅनिक जवळजवळ ६० मीटरनं जास्त होती. आजच्या बोटी आडव्या वाढण्यापेक्षा मजल्यांनी वाढतात, त्यामुळे नुसत्या लांबीवरून अंदाज करू नये. सिंगापूरहून सुटणारी ‘गेंटिंग ड्रीम’ १,५०,६९५ टनांची, म्हणजे भाऊजींचं ‘तिप्पट’ बरोबर आहे. अमेरिकेतली ‘आयकॉन ऑफ द सीज’ तर २,४८,६६३ टनांची.

आता गर्दी. कल्याणची १५ डब्यांची लोकल १२ डब्यांच्या लोकलपेक्षा लांब असते, पण आत पाय ठेवायला जागा मिळेल का, हे डब्यांवर नाही, चढलेल्या माणसांवर ठरतं. बोटीचंही तसंच. टनेजला प्रवाशांच्या संख्येनं भागा. ‘एम्प्रेस’वर सुमारे ८०० खोल्या आहेत. एका खोलीत दोघं धरले तर १,६०० प्रवासी, आणि माणशी उत्तर येतं ३०. ‘गेंटिंग ड्रीम’चं याच रीतीनं ४५, ‘आयकॉन’चं ४४. म्हणजे मोठ्या बोटीवर माणसं दुप्पट-तिप्पट असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला जागा जास्तच येते. इथे नणंदबाई हरल्या असं वाटेल. थांबा.

हा भागाकार खोलीत दोघंच राहतात असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात खोलीत वरून उघडणारे तिसरे-चौथे बिछाने असतात आणि शाळांना सुट्टी लागली की तेही भरतात. ‘आयकॉन’ दोघांच्या हिशेबानं ५,६१० प्रवासी नेते, खच्चून भरली तर ७,६००. उत्तर ४४ वरून ३३ वर येतं. २०२३ च्या हिवाळ्यात मुंबईतून लक्षद्वीपकडे फेऱ्या करणारी ‘कोस्टा सेरेना’ १,१४,१४७ टनांची. तिचा आकडा दोघांच्या हिशेबानं ३८, पूर्ण भरल्यावर ३०. म्हणजे सुट्टीतली भली मोठी बोट आणि एरवीची लहान बोट यांत दाटीच्या दृष्टीनं फारसा फरक उरत नाही. कोणती बोट यापेक्षा कोणता आठवडा, हा प्रश्न इथे जास्त मोलाचा. शिवाय टनेजमध्ये उघडा डेक धरत नाहीत. त्यामुळे पोहण्याच्या तलावाभोवती खुर्ची मिळेल की नाही, हे कुठलाच आकडा सांगत नाही.

तिसरी गोष्ट बोट लागण्याची. लांब बोट आखूड लाटांवर कमी डोलते हे खरं, पण लांबलचक लाटा आल्या की ‘हलतच नाही’ अशी बोट अजून बांधली गेलेली नाही. बोटींना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात. चालत्या बोटीचं डाव्या-उजव्या अंगाला कलणं ते पुष्कळ कमी करतात, पुढचं-मागचं टोक वरखाली होणं मात्र थांबवू शकत नाहीत. म्हणून त्याच बोटीत मधोमध, खालच्या मजल्यावर असलेला माणूस गाढ झोपतो आणि टोकाला, वरच्या मजल्यावर असलेला रात्रभर कूस बदलतो. गंमत अशी की वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या खोल्या महाग असतात, त्यामुळे जास्त पैसे मोजून जास्त हेलकावे पदरात पाडून घेणारेही पुष्कळ. तुमची खोली मागच्या वेळी कुठे होती, ते जुन्या तिकिटावर पाहा. बहुधा कोडं तिथेच सुटेल.

बोटीइतकाच समुद्रही महत्त्वाचा. सिंगापूरहून पेनांगच्या दिशेनं जाणारा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला मलाया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा. मोठ्या लाटा उठायला मोकळं पाणीच नाही. भाऊजी ज्या शांतपणाचं श्रेय बोटीला देतात, त्यातलं बरंचसं या भूगोलाचं आहे. आपल्या अरबी समुद्राची गोष्ट वेगळी. पूर्वी कोकणची बोट पावसाळ्यात बंद असे, आणि आधुनिक ‘एम्प्रेस’नंही २०२२ आणि २०२३ च्या पावसाळ्यात चेन्नईचा रस्ता धरला होता.

लोक सर्वाधिक चर्चा कंपनीच्या नावाची करतात. माझ्या मते नाव हा सर्वांत कच्चा निकष. कार्निव्हल, प्रिन्सेस, कोस्टा, क्युनार्ड ही वेगवेगळी नावं एकाच मोठ्या उद्योगसमूहाची आहेत. उलट एकाच कंपनीकडे नवी आणि तीस वर्षांची अशा दोन्ही बोटी असू शकतात, आणि बोटी मालकही बदलतात. ‘एम्प्रेस’ १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून पाण्यात उतरली आणि दोन-तीन नावं बदलून २०२१ मध्ये मुंबईत आली. २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेली जलेश कंपनीची ‘कर्णिका’ ही मूळची १९९० चीच ‘क्राउन प्रिन्सेस’. कोविडच्या काळात तिची रवानगी अलंगच्या भंगारात झाली. जुनी बोट वाईट असते असं मुळीच नाही. पण जुन्या बोटीत बाल्कनीच्या खोल्या थोड्या आणि खोल्याही आटोपशीर असतात. म्हणून कंपनीला विचारायचं ते बोटीचं नाव, बांधणीचं वर्ष आणि शेवटची डागडुजी केव्हा झाली ते.

लहान बोटीची बाजूही मांडायला हवी. तिच्यावर चुकामूक होत नाही, सासूबाईंना जेवणघर ते खोली अर्धा मैल चालावं लागत नाही आणि ती जिथे जाते तिथे मोठी पोचतेच असं नाही. व्हेनिसनं २०२१ पासून २५,००० टनांवरच्या बोटींना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यात मज्जाव केला आहे. लक्षद्वीपला तर मोठ्या बोटी दूर नांगर टाकतात आणि माणसं छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जातात. बोटीवर तीन हजार माणसं असली की त्या उतरण्या-चढण्यातच दिवस सरतो.

भाड्याबद्दल थोडक्यात. दोन कंपन्यांचे दर शेजारी मांडाल तेव्हा बंदर शुल्क, कर, सेवकांची बक्षिसी आणि पेयं धरूनच मांडा, नाहीतर स्वस्त वाटलेली बोट शेवटी महाग पडते. शाकाहारी किंवा जैन जेवण रोज मिळतं की आधी कळवावं लागतं, तेही विचारा. आणि सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच उतरायचं, तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते तपासा.

तेव्हा निकाल असा : सिंगापूरला जा, पण बोट मोठी म्हणून नव्हे, समुद्र शांत म्हणून. मलाक्काच्या बाजूचा मार्ग निवडा, खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, बोट लागू नये म्हणूनची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या. दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळा, आणि चिनी नववर्षाचा आठवडाही टाळा. त्या आठवड्यात सिंगापूरची बोट तिथल्याच कुटुंबांनी भरलेली असते आणि नणंदबाईंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं.