कोंबडीखत जाळून इंधन मिळेल का?

प्रश्न : आमचं ब्रॉयलरचं शेड आहे. बॅच निघाली की तूस आणि विष्ठा मिळून ढीगभर खत साचतं. पावसाळ्यात त्याला गिऱ्हाईक नसतं आणि वासामाश्यांमुळे शेजारी कावतात. हे खत जाळून इंधन म्हणून वापरता येईल का?
– एक कुक्कुटपालक, संगमनेर

उत्तर : येईल. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या आय या गावी १९९२ साली कोंबडीखतावर चालणारं जगातलं पहिलं वीजकेंद्र सुरू झालं. त्यानंतर उभं राहिलेलं थेटफर्डचं केंद्र ३८.५ मेगावॉटचं आहे आणि वर्षाला चार लाख टनांहून जास्त खत रिचवतं.

मात्र सगळी गोम ओलाव्यात आहे. तुमच्या शेडमधलं मूठभर खत घट्ट दाबून पाहा. मूठ उघडताच ते भुरभुरलं, तर ते जळणाच्या कामाचं. चिखलासारखा गोळा झाला, तर भट्टीची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाईल. पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांच्या ताज्या विष्ठेत पाऊण हिस्सा पाणीच असतं. ती तशीच भट्टीत घातली, तर तिच्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा पाणी उडवण्यात खर्ची पडते. ती बायोगॅसला द्यावी हे बरं. तुमच्या खतात भाताचं तूस आहे, ही जमेची बाजू.

थेट जाळण्याऐवजी हवा कोंडून २०० ते ३०० अंशांवर भाजलं, तर खत कोरडं, ठिसूळ आणि कोळशाच्या जवळ जाणारं होतं. आणखी तापवलं की जळाऊ वायू, तेल आणि बायोचार मिळतो. ओल्या खतासाठी वेगळी वाट आहे : बंद भांड्यात, दाबाखाली, पाण्यासकट २५० अंशांपर्यंत शिजवायचं. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये असा कोळसा करून दाखवला. यात आधी वाळवण्याचा खर्च वाचतो, पण दाब सोसणारं भांडं शेडवर परवडणारं नाही.

भट्टीचीही एक डोकेदुखी असते. या खतात पालाश आणि क्लोरीन भरपूर. त्यामुळे राख लवकर वितळून तिचे खंगर जमतात आणि बॉयलरच्या नळ्या गंजतात. शिवाय खर्चाचं गणितही जुळावं लागतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेन्सन इथलं ५५ मेगावॉटचं केंद्र २००७ मध्ये सुरू झालं, पण वीज महाग पडते म्हणून २०१८ मध्ये बंद झालं.

मला सर्वांत जास्त खुपतं ते नत्राचं नुकसान. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात, ती राख खत म्हणून विकलीही जाते; नत्र मात्र धुराड्यातून निघून जातं. नेदरलँड्सला हे चालतं, कारण तिथं जमीन थोडी आणि जनावरांचं खत उदंड, शेतात टाकायलाही कायद्याची मर्यादा. तिथल्या मूरडाइकचं केंद्र देशातलं सुमारे एक तृतीयांश कोंबडीखत जाळतं. आपल्याकडच्या जमिनी मात्र सेंद्रिय खताला आसुसलेल्या आहेत.

म्हणून माझा सल्ला असा. आधी गळकी निपलं दुरुस्त करा, ढिगावर पत्रा टाका, पावसाळ्यातलं खत नीट कुजवून ठेवा. रब्बीच्या तोंडावर गिऱ्हाईक मिळेल. जवळ बायोमास बॉयलरचा कारखाना असेल, तर कोरडा माल त्याला विकण्याची बोलणी जरूर करा. पण बांधावर किंवा खड्ड्यात हे खत पेटवू नका. त्यातून इंधन काही मिळत नाही, आणि धूर तुमच्याच कोंबड्यांच्या आणि माणसांच्या छातीत जातो.