सवलत कोणाला मिळते?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र विभाग)

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने, दुकानांच्या पाट्या आणि हल्ली मोबाईलचे पडदेही एकाच शब्दाने भरून जातात. तो शब्द म्हणजे 'सूट'. 'एकावर एक मोफत', 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट', 'कूपन दाखवा आणि शंभर रुपये वाचवा', 'इतरत्र स्वस्त मिळाल्यास फरक परत' अशी तिची नाना रूपे असतात. दुकानदार काही धर्मादाय संस्था चालवीत नाही. मग तो आपण होऊन किंमत का कमी करतो? आणि कमी झालेल्या त्या किमतीचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सवलतीमागचे अर्थशास्त्र

मक्तेदारीच्या प्रकरणात 'मूल्यभेद' ही संकल्पना आपण अभ्यासतो. एकच वस्तू वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या किमतीस विकणे म्हणजे मूल्यभेद. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. परीक्षेपुरते पाठ केलेले हे प्रकरण बाजारात पाऊल टाकताच जिवंत होते.

समजा, एका कापडाला एक गिऱ्हाईक ५०० रुपये द्यावयास तयार आहे आणि दुसरे ३५० रुपये. ५०० रुपये भाव ठेवला तर दुसरे गिऱ्हाईक हातचे जाते. ३५० ठेवला तर पहिल्याकडून सहज मिळणारे १५० रुपये बुडतात. दोघांकडून त्यांच्या त्यांच्या ऐपतीप्रमाणे पैसे घेता आले, तर विक्रेत्याचे सर्वांत भले. पण कोणाची तयारी किती हे कपाळावर लिहिलेले नसते. आठवडे बाजारातला विक्रेता गिऱ्हाइकाचे कपडे, बोलणे आणि घाई पाहून ते ताडतो आणि तसा भाव सांगतो. मोठ्या दुकानाला हे जमत नाही. म्हणून त्याला एखादी चाळणी लागते. कूपन ही अशी चाळणी आहे.

वर्तमानपत्रातले कूपन कापून ठेवायचे, मुदत लक्षात ठेवायची, ठराविक दुकानी जायचे एवढा खटाटोप ज्याला पैशाची निकड आहे तोच करतो. ज्याला नाही तो पुरी किंमत मोजून मोकळा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोकाकोलाने फुकट पेल्याची कूपने वाटली. पुढे त्या देशात कूपन ही घरोघरची गोष्ट झाली. तेथे आणखी एक पद्धत रूढ झाली. वस्तू पुऱ्या किमतीला घ्यायची, मग पावती व खोक्यावरचा तुकडा टपालाने कंपनीला पाठवायचा आणि काही आठवड्यांनी ठरलेली रक्कम परत मिळवायची. गंमत अशी की सवलतीचा आकडा पाहून वस्तू घेणारे पुष्कळ, पण कागद पाठविणारे त्यांतले काहीच. जे विसरले त्यांची सवलत कंपनीच्याच खिशात राहिली.

प्रत्येक मूल्यभेद नफ्यासाठीच असतो असे मात्र नव्हे. एस. टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत मिळते. हाही ओळखपत्र पाहून केलेला मूल्यभेदच. परंतु त्याचा हेतू शिक्षण खेड्यापर्यंत पोचावे हा आहे. आपल्या महाविद्यालयाच्या किती तरी बाकांवर ही सवलत बसलेली आहे.

टक्केवारीचे हिशेब

सवलतीची भाषा टक्क्यांची असते, आणि टक्का हा फसवा प्राणी आहे. काही साधी उदाहरणे घेऊ.

'५० टक्के अधिक २० टक्के सूट' म्हणजे ७० टक्के नव्हे. शंभराचे पन्नास झाले, पन्नासातून वीस टक्के म्हणजे दहा गेले, चाळीस राहिले. सूट ६० टक्के. 'दोनांवर एक मोफत' म्हणजे सुमारे ३३ टक्के, आणि तीही तीन वस्तूंची गरज असेल तरच. '२० टक्के जादा माल' म्हणजे किमतीत २० टक्के घट नव्हे. १०० ग्रॅमच्या पैशांत १२० ग्रॅम मिळाले, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १६.७ टक्के. 'हजाराच्या खरेदीवर शंभराचे कूपन, पुढील हजाराच्या खरेदीत वापरावे' ही तर मोठी हुशारीची योजना. ग्राहकाला वाटते दहा टक्के सुटले. वास्तविक २००० रुपयांच्या मालाला तो १९०० मोजतो. सूट पाच टक्के, आणि दुसऱ्या हजाराची खरेदी गळ्यात पडते ती वेगळीच. '१० टक्के कॅशबॅक, कमाल ५० रुपये' याचा अर्थ २००० रुपयांच्या खरेदीवर अडीच टक्के.

छापील किमतीवरील सुटीचेही तसेच. १९९० सालच्या नियमदुरुस्तीनंतर आवेष्टित मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे आवश्यक झाले. त्याहून जास्त घेता येत नाही, ही ग्राहकाची मोठी ढाल आहे. मात्र बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ती किंमत सरकार ठरवीत नाही, उत्पादकच ठरवितो. आकडा फुगवून छापला की त्यावर चाळीस टक्के सूट देणे अवघड नसते. तेव्हा सूट मोजायची ती छापील किमतीवरून नव्हे, तर शेजारच्या चार दुकानांतील चालू भावावरून.

प्रवासखर्च धरला नाही तर हिशेब आणखी चुकतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांवर सूट मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. पण चाळीस रुपये वाचविण्यासाठी तालुक्याहून दोनशे रुपये भाडे खर्चून जाणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दहा जणांची यादी घेऊन एकाने जाणे हा मात्र शहाणपणा.

'फरक परत' या वचनाचा अर्थ

दुसरीकडे स्वस्त मिळाल्यास आम्हीही त्याच भावाने देऊ, असे वचन इंग्लंड-अमेरिकेतील अनेक मोठी दुकाने देतात. इंग्लंडातील जॉन लुईस या दुकानाने १९२५ साली असे वचन दिले, २०२२ मध्ये ते मागे घेतले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू केले. आपल्याकडे 'पलीकडच्या दुकानात दहा रुपयांनी कमी आहे' असे म्हणून आपल्या आया जे साधतात तेच हे, फक्त पाटीवर लिहिलेले.

वरवर पाहता यात ग्राहकाचा निव्वळ फायदा दिसतो. पण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन सॅलप यांनी १९८६ साली याची दुसरी बाजू मांडली. गावात दोनच मोठी दुकाने असून दोघांनीही असे वचन दिले आहे असे समजा. एकाने भाव उतरविला तर दुसरा त्याच क्षणी तो जुळविणार. म्हणजे भाव उतरवून नवे गिऱ्हाईक मिळत नाही. मग उतरवायचा कशाला? स्पर्धेसारखे दिसणारे वचन अशा रीतीने स्पर्धेलाच थंड करू शकते. फरक परत मिळतो तोही पुरावा घेऊन येणाऱ्याला. चार दुकाने हिंडायला ज्याला सवड नाही तो पुरी किंमत देत राहतो.

रोख आणि उधार

सवलतीच्या चाळणीतून पलीकडे जाण्यास तीन गोष्टी लागतात : वेळ, माहिती आणि रोकड. माझ्या मते या तिहींत रोकड सर्वांत महत्त्वाची, आणि पाठ्यपुस्तकात तिचा विचार सर्वांत कमी.

आमच्या घरी वडिलांची मजुरी आठवड्याला मिळते, म्हणून किराणाही आठवड्याचाच येतो. पाव किलो साखर, अर्धा किलो तूरडाळ, अर्ध्या लिटरची तेलाची पिशवी. हात आखडला तर वहीत नाव लिहिले जाते. ही वही वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात काम बंद असताना तिनेच चूल पेटती ठेवलेली आहे. पण ज्याचे नाव वहीत आहे त्याला भाव करता येत नाही, आणि दुकान बदलता येत नाही. 'गरजवंताला अक्कल नसते' अशी म्हण आहे. ती मला पुरती पटत नाही. गरजवंताला अक्कल असते, सुटे पैसे नसतात.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, तूरडाळ किरकोळीत १५० रुपये किलो आहे आणि दहा किलो रोखीने एकदम घेतल्यास १४० रुपये. महिन्याला अडीच किलो डाळ लागणाऱ्या घराला दहा किलो चार महिने पुरते. बचत १०० रुपये. त्यासाठी १४०० रुपये आज हाती हवेत. हेच १४०० रुपये सात टक्के दराने चार महिने बँकेत ठेवले तर व्याज सुमारे ३३ रुपये होते. डाळीच्या डब्यात ठेवले तर १०० रुपये. ज्याच्याकडे रोकड आहे त्याला बाजार बँकेपेक्षा तिप्पट व्याज देतो, आणि ते व्याज ज्याच्याकडे रोकड नाही त्याच्या किरकोळ भावातून निघते.

हप्त्याच्या खरेदीतही हेच दिसते. १२,००० रुपयांचा मोबाईल 'बिनव्याजी' हजाराच्या बारा हप्त्यांत मिळतो, पण रोखीने घेणाऱ्यास १० टक्के सूट म्हणून १०,८०० रुपयांत मिळतो असे समजा. तर वस्तूची खरी किंमत १०,८०० आणि वरचे १२०० हे व्याजच झाले. हप्ते दरमहा फिटत असल्याने त्याचा वार्षिक दर सुमारे २० टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही.

मोठे ते नेहमीच स्वस्त, हा समज मात्र तपासून घ्यावा. शाम्पूच्या छोट्या पुड्या जोडून पाहिल्या तर कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. यासाठी वजनाने भाव काढण्याची सवय हवी. २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन आवेष्टनावर 'एकक विक्री किंमत', म्हणजे दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव, छापण्याची तरतूद झाली आहे. तो बारीक अक्षरांतला आकडा मोठ्या अक्षरांतल्या सुटीपेक्षा अधिक खरे बोलतो.

रॉचडेल ते मुंबई

एकट्याकडे रोकड नाही यावर उपाय काय? इंग्लंडातील रॉचडेल गावच्या विणकरांनी तो १८४४ सालीच शोधला. अठ्ठावीस जणांनी थोडे थोडे भांडवल जमवून त्या वर्षीच्या डिसेंबरात टोड लेनमध्ये दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. विक्री रोखीने, माप पुरे, माल शुद्ध, आणि उरलेला नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. हीसुद्धा सूटच. पण ती दुकानदाराची मेहेरबानी नव्हती, मालकाचा हक्क होता.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईत नायगावला १९४८ साली 'अपना बाजार'ची सुरुवात झाली. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानही न काढता काम केले. शेजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवितात, माल एकत्र खरेदी होऊन संघापर्यंत येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात.

वरचेच डाळीचे उदाहरण या पद्धतीने सोडवून पाहा. चार घरांनी मिळून दहा किलो घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच किलो येते. प्रत्येकाने द्यावयाचे ३५० रुपये, किरकोळीत लागले असते ३७५. बचत दरमहा २५ रुपये, चार महिन्यांत तीच १०० रुपये. आणि १४०० रुपये एकट्याने अडकवावे लागले नाहीत. श्रीमंताला जे रोकडीने साधते ते साध्या माणसांना एकोप्याने साधते.

आपण काय करावे?

कायदा आपल्या बाजूला आहे हे प्रथम जाणले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सवलतीच्या किमतीची दिशाभूल करणारी जाहिरात, किंवा ज्याचे पैसे किमतीतच धरले आहेत ती वस्तू 'मोफत' म्हणून देणे, या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई निर्माण करणे किंवा बिलात न मागितलेली वस्तू घुसडणे, अशा ऑनलाईन क्लृप्त्यांविरुद्ध नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

पण कायद्याचे पुस्तक कोणी घरी आणून देत नाही. येथे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. एक सूचना मांडावीशी वाटते. अर्थशास्त्र मंडळाच्या वतीने महाविद्यालयात एक भावफलक लावावा. वह्या, पेन, साबण, डाळ, तेल अशा वीस वस्तूंचे गावातील पाच दुकानांतले भाव विद्यार्थ्यांनी दर सोमवारी पाहून त्यावर लिहावेत, किलोच्या आणि डझनाच्या दराने. जूनमध्ये वर्गवार वह्यांची मागणी गोळा करून ठोक खरेदी करावी. ज्याला एकदम पैसे देणे शक्य नाही त्याचा वाटा मंडळाने महिनाभर सोसावा. खर्च फळा आणि खडू एवढाच.

घरात हिशेब वाचणारे आपण पहिलेच असू, तर तो हिशेब वर्गात ठेवून चालणार नाही. तो चुलीपर्यंत आणि किराण्याच्या वहीपर्यंत गेला पाहिजे.