चार हातांतला फोन

फर्दापुरात लॉज चालवणाऱ्या घरात फोन एकट्याचा राहत नाही. आमचा काउंटरवर असतो. बुकिंग त्यावर येतं, यूपीआयचे पैसे जमा झाल्याचं तोच ओरडून सांगतो, दुपारी तो धाकट्या दिरांकडे जातो, रात्री मुलं अभ्यासाला घेतात, आणि मधूनमधून पाहुण्यांच्याही हाती द्यावा लागतो. जळगावकडून किंवा संभाजीनगरहून आलेला पर्यटक टी-पॉइंटला गाडी लावतो, तिथून बसनं चार किलोमीटरवरच्या अजिंठा लेण्यांना जातो आणि दिवसभर फोटो काढून परत येतो तोवर त्याची बॅटरी संपलेली असते. मग विचारतो, "ताई, तुमच्या फोनवर जरा माझा मेल बघू का? परतीचं तिकीट त्यात आहे." नाही म्हणवत नाही.

असाच एक पाहुणा तिकिटाचा नंबर लिहून घेऊन गेला आणि त्याचा मेल आमच्या फोनवर उघडाच राहिला. दुसऱ्या दिवशी कामावरच्या मुलानं काहीतरी शोधायला ब्राउझर उघडला, तर समोर त्या माणसाच्या बँकेची पत्रं, दवाखान्याचे रिपोर्ट, घरच्यांचे निरोप. मुलगा सरळ मनाचा, फोन तसाच माझ्याकडे घेऊन आला. आम्ही मेल बंद केला आणि पाहुण्याला फोन करून पासवर्ड बदलायला सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. ज्याच्या हाती मेल, त्याच्या हाती बाकीच्या बऱ्याच किल्ल्या असतात, कारण "पासवर्ड विसरलात का?" असं दाबलं की नवीन पासवर्डाची लिंक मेलवरच येते.

त्यानंतर काउंटरच्या फोनवर फायरफॉक्स फोकस नावाचा ब्राउझर घातला. मोझिला संस्थेनं तो २०१६ साली आयफोनसाठी आणि २०१७ साली अँड्रॉइडसाठी आणला. त्याचं मुख्य काम एकच: बघून झालं की सगळं विसरणं. वरच्या पट्टीत कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं. ते दाबलं की हिस्टरी, कुकीज, उघडं राहिलेलं खातं, सगळं जातं. शिवाय एका साइटवर बघितलेल्या गोष्टीची खबर दुसऱ्या कंपनीला पोचवणारे ट्रॅकर तो वाटेतच अडवतो. आता कुणाही पाहुण्याला मेल बघायचा असला की फोकस उघडून देते आणि त्याचं झालं की त्याच्यासमोरच डबा दाबायला लावते. टी-पॉइंटवरच्या दुकानदारांनी, लॉजवाल्यांनी, गाइड मंडळींनी एवढं तरी करावंच असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याचं खातं आपल्या फोनवर उघडं राहणं ही आपल्यावर आलेली जोखीम असते.

हे बघून आसपासचे लोक विचारायला येऊ लागले. सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा, की क्रोममध्ये इन्कॉग्निटो आहेच, मग हे वेगळं कशाला? दोन्हींत हिस्टरी राहत नाही हे खरं. पण इन्कॉग्निटो म्हणजे आपण कुणालाच दिसत नाही, अशी समजूत आपल्याकडेच नव्हे तर अमेरिकेतही होती. तिथं २०२० साली गूगलवर दावा झाला की इन्कॉग्निटोतही लोकांची माहिती गोळा होत राहिली. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि तशा कोट्यवधी नोंदी नष्ट करायचं आणि इन्कॉग्निटोबद्दलची सूचना अधिक स्पष्ट लिहायचं गूगलनं मान्य केलं. इन्कॉग्निटो मुख्यतः आपल्या फोनवरच्या खुणांपुरतं आहे. फोकस किंवा डकडकगोसारखे ब्राउझर त्यापुढे जाऊन ट्रॅकरही अडवतात.

पण त्यांनाही मर्यादा आहेत, आणि त्या नीट कळल्या नाहीत तर हे ब्राउझर न वापरलेलेच बरे. सिमची कंपनी किंवा लॉजच्या वायफायचा मालक आपण कोणत्या साइटवर गेलो ते बघू शकतो. साइटचा पत्ता एचटीटीपीएसनं सुरू होत असेल तर आत कोणतं पान वाचलं हे त्यांना दिसत नाही, साइटचं नाव मात्र सहसा दिसतं. ज्या साइटवर गेलात तिला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा नंबर, कळतो. आणि तुम्ही स्वतःच्या खात्यानं लॉग इन केलंत, तर त्या कंपनीला तुम्ही कोण हे तुम्हीच सांगितलेलं असतं, मग ब्राउझर कोणताही असो. आयपी पत्ताही लपवायचा तर टोर ब्राउझर आहे. अँड्रॉइडवर त्याची पक्की आवृत्ती २०१९ पासून मिळते. तो आपली मागणी जगातल्या निरनिराळ्या संगणकांतून फिरवून नेतो, म्हणून हळू चालतो, आणि बऱ्याच साइट त्याला आत घेत नाहीत. आमच्यासारख्यांच्या रोजच्या कामाला तो लागत नाही.

बायकांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते काउंटरवर विचारले जात नाहीत. मागच्या दारी, पाणी भरताना विचारले जातात. घरात फोन एक, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावरचा. अंगावरून पांढरं जातं, पाळी चुकली, गर्भनिरोधक गोळी कोणती, मारहाण झाली तर कुठं जायचं. हे विचारायला डॉक्टर लांब, आणि फोनवर शोधायची भीती, कारण संध्याकाळी तोच फोन सासऱ्यांच्या हाती जाणार. एकीनं एकदाच काहीतरी शोधलं आणि त्यानंतर घरच्यांसमोर त्याच औषधाच्या जाहिराती येऊ लागल्या. तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मला ठाऊक आहे. स्वतःच्या शरीराबद्दल चोरून वाचावं लागावं ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती लाज तिची नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. तो हक्क सोयगाव तालुक्यातल्या सुनेलाही तितकाच आहे.

म्हणून या बायकांना मी जे सांगते ते इथं सविस्तर लिहिते. फोकस घातला एवढ्यानं काम होत नाही, कारण खुणा राहण्याच्या जागा ब्राउझरबाहेरही आहेत. पहिली जागा म्हणजे फोनच्या पहिल्या पानावरची गूगलची शोधपट्टी आणि तिच्यावरचा माइक. लिहिता येत नसलं की आपण माइक दाबून मराठीत बोलतो. तो प्रश्न फोकसमध्ये जात नाही, गूगलच्या खात्यात जातो, आणि तिथली नोंद बंद केलेली नसेल तर खात्याच्या 'माझी ॲक्टिव्हिटी' या पानावर दिसतो. खातं ज्याचं, त्याला तो वाचता येतो. त्यामुळे आधी फोकस उघडायचा आणि त्याच्या पट्टीतच शोधायचं. दुसरी जागा म्हणजे डाउनलोड. उतरवून घेतलेली पीडीएफ किंवा चित्र डबा दाबून जात नाही, फाइल्समध्ये जाऊन हातानं काढावं लागतं. स्क्रीनशॉटही गॅलरीत राहतो. फोकसच्या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉट अडवण्याची आणि दुसऱ्या ॲपवर जाताना पान झाकण्याची सोय आहे, ती चालू करावी. तिसरी जागा व्हॉट्सअ‍ॅप. तिथली लिंक दाबली की ती फोनच्या नेहमीच्या ब्राउझरात उघडते, म्हणजे बहुतेकांकडे क्रोममध्ये. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तर लिंक स्वतःच्याच पोटात उघडतात. लिंकवर बोट दाबून ठेवायचं, कॉपी करायची आणि फोकसमध्ये चिकटवायची.

आई-वडील नेमकं उलटं विचारतात. पोरांनी हा ब्राउझर घातला तर आम्हाला काय कळणार? फोन बघून फारसं कळणार नाही, हे खरं आहे. पण हिस्टरी तपासून मूल सुधारल्याचं मी तरी बघितलेलं नाही. वाईट काही दिसलं, कुणी घाबरवलं, फोटो मागितला, तर ते येऊन सांगण्याइतकं मूल आपल्याजवळ असावं, यावर मेहनत घ्यावी.

फुकट मिळतं तर यांचं भागतं कसं, हाही प्रश्न येतो आणि तो शहाणपणाचा आहे. मोझिलाचं बरंचसं उत्पन्न ब्राउझरात गूगलचं शोधयंत्र आधीपासून ठेवल्याबद्दल गूगलकडूनच येतं. डकडकगो शोधलेल्या शब्दापुरती जाहिरात दाखवतं, माणसाची फाइल बनवत नाही. ब्रेव्ह नावाचा ब्राउझर स्वतःच्या जाहिराती विकतो. यांतल्या कुणावरही डोळे झाकून विश्वास ठेवावा असं नाही. २०२२ च्या मे महिन्यात एका संशोधकानं दाखवून दिलं की डकडकगोचा मोबाइल ब्राउझर इतर साइटवरचे मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर अडवत नव्हता. बोंब झाल्यावर त्याच ऑगस्टमध्ये कंपनीनं बदल जाहीर केला. फोकसमध्येही वापराची माहिती मोझिलाला पाठवण्याचं बटण सेटिंगमध्ये असतं, ते बंद करून टाकावं.

आपल्याकडचं उदाहरण यूसी ब्राउझरचं. स्वस्त फोनवर पानं भराभर उघडायची म्हणून खेड्यापाड्यांत घरोघरी तो होता. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं २०१५ मध्येच सांगितलं होतं की त्याच्यातून लोकांनी शोधलेले शब्द उघडेच बाहेर जातात, आणि चिनी आवृत्तीतून तर फोनची ओळख आणि ठिकाणही. आपल्याकडे तो चालूच राहिला. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली तेव्हा त्यात त्याचंही नाव होतं. जुन्या फोनवर तो अजून पडून असेल तर काढून टाका, आणि कुठलाही ब्राउझर प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ब्राउझरची फाइल कधीही उघडू नका.

शिष्यवृत्तीचा किंवा पीक विम्याचा लांबलचक फॉर्म मात्र फोकसमध्ये भरू नये. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं, कमी मेमरीचा फोन तेवढ्यात ब्राउझर बंद करून टाकतो आणि भरलेलं सगळं जातं. पासवर्डही फोकस लक्षात ठेवत नाही. अशा कामाला साधा फायरफॉक्स बरा. अँड्रॉइडवर त्यात युब्लॉक ओरिजिन नावाचं जाहिराती अडवणारं ॲड-ऑन बसवता येतं, आणि फायरफॉक्सची भाषा मराठीही करता येते. एखादी सरकारी साइट फोकसमध्ये अर्धवट उघडत असेल तर पत्त्याशेजारच्या ढालीच्या चित्रावर जाऊन त्या साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. टी-पॉइंटवर रंगीत खडे आणि स्फटिक विकणारा एक पोरगा आहे. गिऱ्हाईकानं यूपीआयनं दिलेले पैसे अडकले, ना याच्याकडे आले ना त्याला परत गेले. पोरानं फोकसमध्ये त्या ॲपच्या ग्राहक सेवेचा नंबर शोधला. सगळ्यात वर आलेला नंबर चोरांचा होता. पलीकडचा माणूस गोड बोलला, स्क्रीन दाखवणारं एक ॲप घालायला लावलं, "रिफंडसाठी पिन टाका" म्हणाला, आणि हंगामाची कमाई गेली. माझ्याकडे आला तेव्हा पोराचे हात थरथरत होते. म्हणाला, "ताई, मी तर सुरक्षित ब्राउझरमध्येच शोधलं होतं ना."

त्याचं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. खुणा पुसणारा ब्राउझर प्रत्येक चोर ओळखत नाही. खोटी साइट त्याच्यातही छान उघडू शकते. पत्त्याशेजारचं कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे बसलाय तो कोण, हे कुलूप सांगत नाही. चोरांच्या साइटलाही ते कुलूप असतं. ग्राहक सेवेचा नंबर शोधयंत्रातून कधीच घेऊ नये, ॲपच्या आत 'मदत' असते तिथून किंवा बँकेच्या कार्डामागून घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन पैसे देताना लागतो. सरकारी योजनेची लिंक आली तर पत्त्याच्या सुरुवातीचे एचटीटीपीएसचे दोन तिरके दांडे सोडून त्यापुढचा पहिला तिरका दांडा येण्याआधीचा भाग बघावा, तो 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'नं संपत नसेल तर आधी सेतू केंद्रात विचारावं. फोनची स्क्रीन अनोळखी माणसाला दाखवणारं ॲप तर घालूच नये, मग तो कितीही साहेबासारखा बोलो.

त्या पोरानं लाजेपोटी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते आणि परत आले नाहीत. तुमच्या बाबतीत असं घडलं तर घरच्यांचं बोलणं नंतर ऐका, आधी १९३० लावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक आहे. पैसे कुठल्यातरी खात्यात पडून असतील तर ते तिथंच गोठवायला बँकेला सांगता येतं, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. सोबत व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर तयार ठेवा. आणि हा क्रमांक आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आजीच्या साध्या फोनमध्येसुद्धा.