मडक्यातला पहारेकरी

(घरातल्या काचेच्या टाकीत ब्रिसलनोज नावाचा मासा आपली पिल्ले कशी वाढवतो, याची माहिती या पाठात दिली आहे. मुक्या जिवांची काळजी घेताना उत्साहाइतकाच धीरही लागतो, हे लेखकाने स्वतःच्या अनुभवावरून सांगितले आहे.)

मुलांनो, काचेच्या टाकीत पोहणारे रंगीत मासे तुम्ही पाहिले असतील. लाल, निळे, सोनेरी मासे आपले लक्ष चटकन वेधून घेतात. पण कधी टाकीच्या तळाशीही नजर टाका. तिथे काचेला किंवा लाकडाला तोंड चिकटवून बसलेला एखादा तपकिरी, ठिपकेदार मासा दिसेल. तो फारसा पोहत नाही आणि दिसायलाही सुंदर नाही. दुकानदार अशा माशांना 'सकर' म्हणतात. त्यांच्यापैकीच एक छोटा मासा म्हणजे ब्रिसलनोज. आज मी तुम्हांला त्याची ओळख करून देणार आहे.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ॲमेझॉन आणि तिथल्या इतर नद्यांमध्ये दगडांच्या कपारीत आणि बुडालेल्या लाकडांत तो राहतो. त्याचे शास्त्रीय नाव ॲन्सिस्ट्रस असे आहे. ग्रीक भाषेत या नावाशी जुळणाऱ्या शब्दाचा अर्थ 'गळाचा आकडा' असा होतो. त्याच्या गालांवर आकड्यांसारखे बारीक काटे असतात, म्हणून हे नाव पडले. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी हाडांच्या कठीण पट्ट्या असतात. जणू त्याने चिलखतच घातलेले असते! तोंड खालच्या बाजूला असते. त्या तोंडाने तो वाहत्या पाण्यातही दगडाला घट्ट धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याची लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर असते. म्हणून घरातल्या टाकीत तो सुखाने राहू शकतो.

नर आणि मादी ओळखणे सोपे आहे. मोठ्या नराच्या नाकावर आणि कपाळावर मऊ, मांसल मिशा फुटतात. मादीला मिशा नसतात. असल्याच तर ओठांच्या कडेला अगदी बारीक असतात. या मिशा कशासाठी? १९९९ साली काही शास्त्रज्ञांनी एक मजेदार विचार मांडला. त्यांच्या मते या मिशा दुरून लहान पिल्लांसारख्या दिसतात. मादीला वाटते, "हा नर पिल्ले चांगली सांभाळतो." मग ती आपली अंडी त्याच्या हवाली करते. होय, त्याच्याच हवाली! कारण या माशांमध्ये पिल्लांना सांभाळण्याचे काम आई करत नाही, बाप करतो.

तुम्हांला हे मासे पाळायचे असतील तर आधी टाकी तयार करा. माझी टाकी ७५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. या तीन संख्यांचा गुणाकार करा. ९०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ९० लिटर होतात. एका नर-मादीच्या जोडीला एवढी जागा पुरते. दोन नर मात्र एकत्र ठेवू नका. जागेसाठी ते एकमेकांशी भांडतात.

टाकी आणली की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. स्पंजाच्या फिल्टरमध्ये हळूहळू उपयोगी जिवाणू वाढतात. ते अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने कमी घातक असते आणि पाणी बदलले की कमी होते. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून घाई करू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातला क्लोरीन या जिवाणूंना मारतो. टाकीतले पाणी बादलीत काढून त्यातच स्पंज पिळून घ्या. टाकीत घालायचे नळाचे पाणीही एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, म्हणजे त्यातला बराचसा क्लोरीन उडून जातो.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. टाकी उन्हात ठेवू नका. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. टाकीत एक लाकडाचा तुकडा ठेवा. तो आधी बरेच दिवस पाण्यात मुरवलेला असावा. या माशांना लाकूड खरवडायला आवडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक छोटे, अरुंद तोंडाचे, रंग न लावलेले मातीचे मडके आडवे ठेवा. नर आत गेल्यावर त्याच्या अंगाभोवती फार मोकळी जागा उरू नये. हेच त्याचे घर!

माझ्या टाकीत नराने ते मडके दोनच दिवसांत ताब्यात घेतले. आता अंडी कधी होतील, याची मी वाट पाहू लागलो. त्यांच्या देशात पाऊस आला की नदीत नवे, गार पाणी येते आणि तेव्हा ते अंडी घालतात. म्हणून दर आठवड्याला मी टाकीतले पाव भाग पाणी काढून टाकत असे आणि दोन-तीन अंश गार पाणी हळूहळू घालत असे. काकडी, दुधी आणि उकडलेला पालकही देत असे. एके दिवशी मादी मडक्यात शिरली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली, तेव्हा तिचे पोट सपाट झाले होते. मडक्याच्या आत नारिंगी रंगाच्या अंड्यांचा एक घोस चिकटला होता. त्याच्यासमोर नर बसला होता आणि आपले पर सारखे हलवत होता.

मुलांनो, आता मी माझी पहिली चूक सांगतो. मला राहवेना. तासातासाला मी विजेरी घेऊन मडक्यात पाहू लागलो. दुसऱ्या दिवशी तर मी मडकेच वर उचलले. नर घाबरून बाहेर पळाला. अंड्यांचा घोस सुटला आणि खाली पडला. नर पुन्हा त्या अंड्यांजवळ गेलाच नाही. दोन दिवसांत अंड्यांवर पांढरी बुरशी चढली. अम्मी म्हणाली, "बेटा, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला कोणी उठवतं का?" मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी मला कळले, की नर पर हलवतो तो खेळ नव्हे. तो अंड्यांवरून ताजे पाणी वाहते ठेवतो. त्यामुळे अंड्यांना प्राणवायू मिळतो आणि ती स्वच्छ राहतात. खराब झालेली अंडीही तो तोंडाने काढून टाकतो. त्या दिवसांत तो फारसा खातही नाही.

काही आठवड्यांनी मादीने पुन्हा अंडी घातली. या वेळी मी मडक्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी अंडी फुटली. पिल्ले फार चमत्कारिक दिसत होती. प्रत्येकाच्या पोटाला एक मोठी पिवळी पिशवी होती. तिला बलक-पिशवी म्हणतात. तिच्यात पिल्लांचा शिधा असतो. या काळात ती मडक्याच्या भिंतीला चिकटून राहतात आणि त्यांना बाहेरून काहीही खायला द्यावे लागत नाही. आठवडाभरात पिशवी संपते. मग पिल्ले मडक्याबाहेर येतात आणि काचेवर, लाकडावर चिकटून खाऊ लागतात.

पिल्ले बाहेर आली तेव्हा मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी दुसरी चूक केली. "बिचारी भुकेली असतील," असे म्हणून मी सकाळ-संध्याकाळ भरपूर पालक आणि काकडी टाकू लागलो. पिल्ले एवढीशी; ती किती खाणार? उरलेला पाला कुजला. पाणी गढूळ झाले आणि त्याला वास येऊ लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर निम्म्याहून जास्त पिल्ले तळाशी मरून पडली होती. मी त्यांना उपाशी ठेवले नव्हते. माझ्या मायेनेच त्यांचा जीव घेतला होता. माया करायलाही माप लागते, हे मी त्या सकाळी शिकलो.

उरलेली पिल्ले मी नीट सांभाळली. तुम्हीही तसेच करा. पालकाचे एखादे पान किंवा काकडीची एक पातळ चकती थोडी उकडून, गार करून टाका. साल काढलेला उकडलेला मटारही चालतो. लाकूड टाकीतच राहू द्या. उरलेले अन्न दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. एक-दोन दिवसांआड थोडे पाणी बदला. जोराने पाणी ओढणारा फिल्टर लावू नका, कारण पिल्ले त्याच्या नळीत ओढली जातात. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा फिल्टर सर्वांत चांगला.

तिसऱ्या वेळी मडक्यात साठ-सत्तर अंडी असावीत. ती फुटण्याच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीतली वीज गेली. हवेचा पंप बंद पडला. मी मेणबत्ती लावली. एका मगने टाकीतले पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीतच ओतू लागलो, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. थोड्या थोड्या वेळाने मी हे करत होतो. थकलो की अम्मी माझ्या हातातून मग घेई. मेणबत्तीच्या उजेडात मडक्याचे तोंड दिसत होते. आत तो मिशाळ नर अंधारात पर हलवतच होता. आम्ही दोघे आळीपाळीने काम करत होतो. त्याला बदली देणारे मात्र कोणी नव्हते. पहाटे वीज आली. संध्याकाळी पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली.

आज ती पिल्ले मोठी झाली आहेत. पाच-सहा महिन्यांनी काहींच्या नाकावर बारीक मिशा दिसू लागल्या, तेव्हा ते नर आहेत हे समजले. माझ्या टाकीत इतक्या माशांना जागा नव्हती. म्हणून काही मी मित्रांना दिले, काही दुकानदाराला दिले.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. जास्त झालेले मासे नदीत किंवा तलावात कधीही सोडू नका. ब्रिसलनोजचा एक मोठा भाऊबंद आहे. तोही दक्षिण अमेरिकेतलाच, आणि तोही 'सकर' म्हणूनच विकला जातो. तो लहान असताना लोक घरी आणतात. पण तो चाळीस सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही मोठा होतो. मग टाकी अपुरी पडते आणि लोक त्याला तलावात सोडून देतात. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात आणि देशातल्या इतरही काही ठिकाणी हे मासे आता पसरले आहेत. त्यांच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात आणि तिथल्या मूळच्या माशांना त्रास होतो. त्यात माशाचा काय दोष? दोष त्याला तिथे सोडणाऱ्याचा आहे.

मुलांनो, आपण एखादा जीव घरी आणतो, तेव्हा त्याचे पाणी, त्याचे अन्न आणि त्याची पिल्ले यांची जबाबदारीही घरी आणतो. ती कशी पार पाडावी, हे मला कोणत्याही मोठ्या माणसाने शिकवले नाही. मडक्यात बसलेल्या एका बोटभर पहारेकऱ्याने शिकवले.

शब्दार्थ
कपार – दगडांमधली अरुंद जागा
चिलखत – लढाईत अंगाच्या रक्षणासाठी घालायचा लोखंडी अंगरखा
पर – माशाचे पोहण्याचे अवयव
घोस – झुबका, गुच्छ
विजेरी – बॅटरी, टॉर्च
बुरशी – ओल्या वस्तूवर वाढणारी पांढरी, कापसासारखी वाढ
शिधा – साठवलेले किंवा बरोबर दिलेले अन्न
पाणथळ – जिथे नेहमी पाणी साचलेले असते असा (भाग)

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ब्रिसलनोज मासा मूळचा कोठला आहे?
(आ) नर आणि मादी कशावरून ओळखता येतात?
(इ) पिल्लांच्या पोटाला असलेल्या पिशवीला काय म्हणतात?
(ई) अम्मी लेखकाला काय म्हणाली?

२. कारणे लिहा.
(अ) टाकी आणल्यावर लगेच मासे सोडू नयेत.
(आ) नर अंड्यांसमोर सारखे पर हलवतो.
(इ) दुसऱ्या वेळी निम्म्याहून जास्त पिल्ले मेली.
(ई) टाकीतले मासे तलावात सोडू नयेत.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वीज गेल्यावर लेखकाने आणि अम्मीने काय केले?
(आ) 'माया करायलाही माप लागते' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
लक्ष वेधून घेणे, हवाली करणे, राहवत नसणे, जबाबदारी पार पाडणे

५. हिशेब करा.
एक टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. तिच्यात किती लिटर पाणी मावेल?

उपक्रम : तुमच्या घरी किंवा शेजारी एखादा प्राणी, पक्षी किंवा मासा पाळला असेल, तर आठ दिवस त्याचे निरीक्षण करा. तो काय खातो, केव्हा झोपतो, कशाला घाबरतो, हे रोज वहीत दोन ओळींत लिहा.