फोन वाचतो, मग कारखान्यातला रीडर का अडतो?

प्रश्न : आमच्या चाकणच्या कारखान्यात गिअरवर ठोकलेला ठिपक्यांचा चौकोनी कोड वाचायला कॅमेऱ्याचा रीडर बसवला. भाजीवाल्याचा क्यूआर माझा फोन क्षणात वाचतो. मग इतका महाग रीडर बसवायला आलेला माणूस दोन दिवस दिवेच का हलवत होता?

उत्तर : कारण त्याचं निम्मं काम दिव्याचंच असतं. भाजीवाल्याचा कोड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने छापलेला. शिवाय फोन धरलेले तुम्ही नकळत बरंच काही करता : पुढे-मागे होता, चकाकलं की फोन तिरका करता, वाचेपर्यंत थांबता. रीडर मात्र एका जागी स्क्रूने आवळलेला आणि माल पुढे सरकत राहणारा.

तुमच्या गिअरवरचा कोड बहुधा डेटा मॅट्रिक्स असावा. दोन लगतच्या कडा सलग, उरलेल्या दोन तुटक, अशी त्याची ओळख. तो सुईने ठोकलेला असेल, तर त्यात शाई नाहीच. लोखंडात लोखंडाच्याच रंगाचे खड्डे. त्यांच्यावर समोरून उजेड टाकला की स्टीलच्या ताटात ट्यूबलाइट दिसावी तसा नुसता लखलखाट होतो. म्हणून दिवा खाली आणून उजेड पृष्ठभागाला घासून जाईल असा देतात. सपाट भाग काळा राहतो आणि खड्ड्यांच्या कडा उजळतात. लेझरने कोरलेल्या सपाट, चकचकीत पार्टला वेगळा उपाय : रीडरच दहा-पंधरा अंश तिरका करायचा, म्हणजे परतलेला उजेड थेट भिंगात शिरत नाही. गोलाईच्या पार्टला चारी बाजूंनी येणारा मऊ उजेड लागतो. कोणता जमेल हे पार्ट समोर ठेवूनच कळतं. कॅटलॉगवर विसंबू नये.

मग वेग. पट्टा सेकंदाला 1 मीटर धावतोय आणि कोडचा एक कण 0.5 मिलिमीटरचा आहे असं धरा. कॅमेऱ्याने सेकंदाचा हजारावा भाग एवढा वेळ डोळा उघडा ठेवला, तर तेवढ्यात पार्ट 1 मिलिमीटर, म्हणजे दोन कणांइतका सरकतो. चित्राचा चिखल! हा वेळ दहापट कमी केला की सरकणं 0.1 मिलिमीटरवर येतं, पण उजेडही दहापट कमी मिळतो. म्हणूनच फोटोबरोबर चमकणारा तो जोरदार लाल किंवा पांढरा फ्लॅश.

फोटो कधी काढायचा हे फोटो-सेन्सर सांगतो. तो कॅमेऱ्याच्या 30 सेंटिमीटर आधी असेल, तर याच वेगाला 0.3 सेकंद थांबून फोटो काढावा लागतो. पट्ट्याचा वेग बदलला की हे गणितही बदलतं, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. हल्लीच्या बऱ्याच रीडरना स्वतःच सेटिंग शोधणारं बटण असतं. ते वेळ वाचवतं, पण दाबताना समोर सगळ्यात सुबक पार्ट ठेवायचा मोह टाळा. तेलकट, फिकट, जरा वाकडा ठोकलेला पार्टही दाखवा. शिफ्टला तेच येणार आहेत.

आता न वाचलेल्या पार्टचं. रीडर ‘नो रीड’ देतो तेव्हा पीएलसीने, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरने, पार्ट बाजूला काढायला हवा. चुकीचं वाचण्यापेक्षा न वाचणं कधीही बरं, आणि डेटा मॅट्रिक्समधली चूक-दुरुस्तीची सोय चुकीचं वाचन जवळजवळ होऊच देत नाही. पण याच सोयीमुळे एक दुखणं झाकलं जातं. सुई झिजली की ठिपके उथळ होत जातात, तरी दुरुस्तीच्या जोरावर कोड वाचला जातो, आणि मग एके दिवशी एकदम ‘नो रीड’चा सडा पडतो. म्हणून वाचलेल्या कोडमध्येही किती दुरुस्ती लागली, तो आकडा रीडर देत असेल तर रोज पाहा.

आणखी एक : लाइन थांबू नये म्हणून कोणी आधीच्या चांगल्या पार्टचा कोडच पुन्हा कॅमेऱ्यापुढे धरतो. एकच क्रमांक दोनदा आला की लाइन अडेल, अशी तपासणी पीएलसीत किंवा सर्व्हरवर घालून घ्या. हे त्या दिवे हलवणाऱ्याच्या हातात नसतं.